घरात अपघाती किंवा एकाकी मृत्यू झाल्यावर साफसफाईला कुणाला बोलवायचं? कोकणातल्या घरांसाठी सविस्तर माहिती

घरात कुणी आत्महत्या केली, मारामारीत जीव गेला, किंवा गावच्या घरात एकटंच राहणारं म्हातारं माणूस गेलं आणि चार-पाच दिवसांनी शेजाऱ्यांना वासावरून कळलं, की पोलीस येतात, पंचनामा होतो, बॉडी पीएमला जाते आणि खोली तशीच राहते. ती साफ करणं पोलिसांचं काम नाही, सरकारी दवाखान्याचं नाही, ग्रामपंचायतीचंही नाही. येतं ते घरच्यांवर, आणि घरचे निम्मे मुंबईत, एखादा आखातात, गावात फक्त चुलते आणि चावी सांभाळणारे शेजारी. मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते, बायोहजार्ड क्लीनिंग (रक्त-जंतूंच्या घाणीची सफाई) असं टाकलं की नंबर भरपूर येतात, सगळे चोवीस तास सेवा देणारे, सगळे सर्टिफाइड, आणि फोन लावला की कळतं यातले बरेच जण पेस्ट कंट्रोलवाले नाहीतर सोफे धुणारे आहेत.

त्यातून कामाचा माणूस कसा निवडायचा ते क्रमाने लिहितोय. आत्ता वाचायला वेळ नसेल तर एकच प्रश्न लक्षात ठेवा, "कचरा कुठे नेणार?" रेट नंतर विचारा. फरशी कुणीही पुसून देतो, पण रक्त मुरलेली गादी घरातून निघाल्यावर कुठे जाते हे ज्याला सांगता येतं त्याने हे काम आधी केलेलं असतं.

आधी पोलिसांचं मोकळं झालंय का बघा

अनैसर्गिक मृत्यू असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चौकशी होते, अकस्मात मृत्यूची नोंद होते. १ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, अजून बरेच लोक तोच नंबर सांगतात. ही चौकशी चालू असताना खोली धुतली तर पुरावा नष्ट केला असा अर्थ निघू शकतो, आणि जाणूनबुजून तसं करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ प्रमाणे गुन्हा आहे. घरच्यांचा हेतू चांगलाच असतो, वहिनींना किंवा पोरांना ते दिसू नये एवढंच मनात असतं, पण संशयाच्या केसमध्ये हेतू नंतर समजावत बसावं लागतं.

म्हणून तपास अधिकाऱ्याला सरळ विचारा, "साहेब, जागेचा पंचनामा पूर्ण झाला का, खोली साफ केली तर चालेल का?" तोंडी हो म्हणाले तरी अर्ज देऊन पोच घ्या, किंवा निदान व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवून त्याचं उत्तर ठेवा. पोलीस पाटलांनी चालेल म्हटलं म्हणजे झालं असं धरू नका, ते निरोप पोचवतील, खोली मोकळी करायचा अधिकार त्यांचा नाही. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक टीमने जागेवर यायची तरतूद नव्या संहितेत आहे, तेव्हा खुनाच्या केसमध्ये खोली लगेच मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली असेल किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असेल तर दंडाधिकाऱ्यांची चौकशीही होते, तिथेही वेळ जातो.

चांगल्या एजन्सीची पहिली खूण इथेच दिसते. ती तुमच्याकडे पोलिसांचा कागद मागते. "तुम्ही पत्ता टाका, आम्ही दोन तासात निघतो" म्हणणाऱ्याने पोलिसांचं नावही काढलं नाही, तर तिथेच फोन ठेवला तरी चालेल.

खरंच एजन्सी लागते का

प्रत्येक वेळी लागत नाही. आजारी माणूस अंथरुणात गेलं, घरच्यांना लगेच कळलं, तर नेहमीची साफसफाई पुरते, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा, झालं. फरशीवर थोडं रक्त सांडलं असेल तर तेही घरी करता येतं. जाड हातमोजे घाला, आधी पेपर किंवा जुन्या कापडाने रक्त टिपून घ्या, मग एक टक्का ताकदीचं सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच ओतून किमान दहा मिनिटं राहू द्या आणि मग पुसा. बाजारातल्या ब्लीचच्या बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी घेतलं की एक टक्का होतं. त्याच दिवशी बनवलेलं वापरा, ठेवून ठेवून त्याची ताकद जाते. आणि रक्त न टिपता थेट वरून ब्लीच ओतलं तर ते रक्तातच खर्ची पडतं, खाली जंतू तसेच.

एक धोक्याची गोष्ट, ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड किंवा अमोनियावालं काही मिसळू नका. ॲसिडने क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो घसा-फुफ्फुसं जाळतो. जास्त चांगलं साफ व्हावं म्हणून दोन्ही ओतणारे लोक खूप आहेत.

एजन्सी लागते ती रक्त भरपूर असेल, गादी-लाकूड-भिंतीत मुरलं असेल, किंवा बॉडी उशिरा सापडली असेल तेव्हा. एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि आपल्या दमट हवेत शरीर फार लवकर बिघडतं, शरीरातून सुटलेलं पाणी फरशीच्या सांध्यातून खाली उतरतं. हे काम घरच्यांनी करू नये. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो, हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे आपल्याच माणसाचं रक्त पुसल्यावर ते चित्र डोक्यातून जात नाही. घरात कुणाची झोप उडाली असेल, कुणी गप्प गप्प झालं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि गावात नेहमी सुचवला जातो तो उपाय, म्हणजे दोन मजूर लावायचे, वर एक क्वार्टर द्यायची आणि उरकून घ्यायचं, तो करू नका. ही माणसं उघड्या हातांनी, पायात स्लीपर घालून ते काम करतात, आणि कुणाला बोलवायचं हे ठरवताना बऱ्याच ठिकाणी अजून जात बघितली जाते. आपल्या दुःखाच्या गडबडीत हे झाकून जातं म्हणून मुद्दाम लिहिलं.

शोध कुठे घ्यायचा

आपल्या जिल्ह्यात फक्त हेच काम करणारा माणूस मिळेल असं धरून बसू नका, बाहेरून बोलवायची तयारी ठेवा. पेण-अलिबागच्या लोकांना पनवेल-नवी मुंबई जवळ. रत्नागिरी-लांज्याला मुंबईपेक्षा आंबा घाटातून कोल्हापूर जवळ पडतं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याला आंबोलीतून बेळगाव आणि खाली गोवा आहे, पण राज्य बदललं की कचऱ्याची परवानगी कुठल्या राज्याची ते विचारून घ्या. पावसाळ्यात घाट बंद होतात, गाडी अडकते, ते धरूनच तारीख ठरवा.

गुगलवरच्या स्टारवर जाऊ नका. जिल्हा रुग्णालयात किंवा एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या खासगी हॉस्पिटलात हाऊसकीपिंग बघणाऱ्याला विचारा, तुमचा बायोमेडिकल कचरा कोण उचलतं. तो कचरा उचलणारी जी सामायिक प्रक्रिया यंत्रणा असते त्यांना फोन करून विचारा, घरात असं झालंय, तुमच्याकडे नियमित कचरा देणारी क्लीनिंग एजन्सी कोणती. हा उलटा रस्ता आहे पण इथून मिळालेलं नाव बहुतेक वेळा खरं निघतं. शवागाराबाहेर कुणी हातात कार्ड दिलं तर ठेवून घ्या, पण त्यालाही खालचे सगळे प्रश्न विचारा.

फोनवर कोण काय विचारतं ते ऐका

आपण प्रश्न विचारायचेच, पण समोरचा काय विचारतो त्यावरून जास्त कळतं. काम येणारा माणूस विचारेल की मृत्यू कधी झाला आणि कळलं कधी, जमीन कसली आहे, फरशी, कोबा की सारवलेली, भिंत गिलाव्याची की नुसता जांभ्याचा चिरा, वर माळा आहे का, लाईट-पाणी चालू आहे का, दारापर्यंत गाडी येते का. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा, कारण निम्म्या घरांना पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट उतरून जावं लागतं आणि भरलेल्या पिशव्या त्याच पाखाडीने सगळ्या वाडीच्या डोळ्यांसमोरून वर चढवायच्या असतात. तो व्हिडिओ कॉलवर खोली दाखवा म्हणेल किंवा माणूस पाठवून बघून जाईल, आणि मगच आकडा सांगेल.

न बघता "वन बीएचके एवढे, टू बीएचके एवढे" असा रेट सांगणारा डीप क्लीनिंगवाला आहे. वाईट माणूस असेल असं नाही, पण हे काम त्याचं नव्हे.

कचऱ्याचा प्रश्न

२०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम मुळात दवाखाने, लॅब, रक्तपेढ्यांसाठी आहेत, पण चांगली एजन्सी घरातल्या कामालाही तीच शिस्त लावते. रक्त लागलेला कापूस, चादर, गादी पिवळ्या पिशवीत, ती शेवटी जाळायच्या भट्टीत जाते. सुया, ब्लेड, फुटकी काच उघड्या पिशवीत नाही, टोचणार नाही अशा बंद डब्यात. पिशव्यांवर बारकोड असतो. आणि असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवून ठेवायचा नसतो, त्यामुळे "आमच्या गोडाऊनला ठेवतो, गाडी भरली की पाठवतो" हे उत्तर चुकीचं.

तर विचारा असं, "दादा, पिवळ्या पिशव्या कुणाला देता, त्यांच्याशी करार आहे का, आणि दिल्याची पावती मला मिळेल का?" करार असेल तर त्यावर प्रक्रिया यंत्रणेचं नाव असतं, आणि त्या यंत्रणेला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, ती मागून घेता येते. "मागे परसात जाळून टाकतो", "खाडीच्या कडेला खड्डा काढतो", "घंटागाडीत टाकतो" यातलं काहीही ऐकू आलं तर पुढे बोलूच नका. कापसाची गादी धड जळत नाही, धुमसत राहते, वास वाडीभर जातो, आणि उद्या कुत्र्यांनी उकरून काढलं तर नाव तुमच्या घराचं निघतं.

बारीक गोष्ट आहे पण माहितगार माणूस यावर ओळखता येतो, भट्टीत जाणाऱ्या गाद्या-चादरींवर क्लोरीनचं औषध वापरायचं नाही असं नियमातच आहे, कारण क्लोरीनवाली वस्तू जाळली की डायॉक्सिनसारखे विषारी वायू होतात. फरशीला हायपोक्लोराइट ठीक, जाळायच्या गादीवर बादलीभर ब्लीच नको. हे विचारून बघा, गडबडतात बरेच जण.

सर्टिफिकेटं कशी वाचायची

आपल्या देशात मृत्यूनंतरच्या घरसफाईसाठी म्हणून वेगळं लायसन्स नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अशा कंपन्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, आणि इथल्या बऱ्याच वेबसाईटांवरचा मजकूर तिकडूनच उचललेला असतो. "ओशा सर्टिफाइड" लिहिलं असेल तर ते निव्वळ सजावट समजा. ओशा ही अमेरिकेतली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था, रक्तातून पसरणाऱ्या रोगांबद्दल तिचा नियम आहे, पण ती कुठल्याही कंपनीला सर्टिफिकेट देत नाही. आयआयसीआरसी या साफसफाईची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एस ५४० हे मानक मात्र खरंच याच कामाचं आहे, त्याचं ट्रेनिंग घेतलंय म्हणत असतील तर कुणी घेतलं, तो माणूस स्वतः कामावर येणार का, हे विचारा.

उद्यम नोंदणी म्हणजे मालकाने स्वतःच भरलेली फुकटची माहिती, दर्जाचा पुरावा नाही. आयएसओ ९००१ ऑफिसच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल आहे, रक्त साफ करता येतं की नाही हे त्यातून कळत नाही. जीएसटी नंबर दिला तर पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा, महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी घ्यावाच लागतो असं नाही, तेव्हा नंबर नाही म्हणून लगेच फसवा ठरवू नका, पण नंबर नसताना बिलात जीएसटी लावला तर नक्की अडवा.

याच्यापेक्षा त्यांच्या माणसांबद्दल विचारलेलं बरं. कामगारांना हिपॅटायटिस बीची लस दिलीय का, तिचे तीन डोस असतात आणि पूर्ण व्हायला सहा महिने जातात, म्हणजे काल भरती केलेल्या पोराचे झालेले नसणार. वासाच्या खोलीत कसला मास्क घालतात, कारण एन ९५ कण अडवतो, वायू नाही, त्याला कार्ट्रिजवाला मास्क लागतो. सुई टोचली तर काय करता? उत्तर असं यायला हवं की लगेच धुवून सरकारी दवाखान्यात नेतो, एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी जितक्या लवकर तितकी बरी आणि ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागते. मालकाला हे माहीत नसेल तर तुमच्या घरात तो आपल्याच पोरांना धोक्यात घालतोय.

आपली घरं आणि त्यांची जमीन

मुंबईच्या फ्लॅटमध्ये विट्रिफाइड फरशी असते, वर पुसलं की बरंचसं काम झालं. आपल्याकडे जांभा आहे, आणि जांभा स्पंजासारखा पितो. नुसत्या चिऱ्याच्या भिंतीला खालच्या बाजूने ओल लागली असेल तर वरून औषध मारून भागत नाही, गिलावा असेल तर तो फोडावा लागतो, चिरा खरवडावा लागतो, पूर्ण वाळवावा लागतो आणि मग सील करावा लागतो. सारवलेल्या जमिनीला तर ब्लीचने साफ करायची भानगडच नको, शेणमातीत औषध टिकतच नाही. मुरलंय तिथपर्यंतची माती उकरून काढायची, ती कचऱ्यात धरायची, नवी माती घालून चोपायची आणि परत सारवायचं. जुन्या शिसवी पलंगाचं, माळ्याच्या फळ्यांचंही तसंच, किती वाचतं आणि किती काढावं लागतं हे एजन्सीने आधी दाखवून सांगायला हवं, काम अर्ध्यावर आल्यावर नाही.

म्हणून विचारा, "चिऱ्यात मुरलं असेल तर काय करता?" केमिकल मारतो, फॉगिंग करतो, ओझोन सोडतो एवढंच उत्तर आलं तर तो वर सुगंध फवारून जाणार आणि पहिल्या पावसात भिंत ओली झाली की वास परत येणार. ओझोन मशीन मुरलेली घाण काढल्यानंतर चालवली तर ठीक, आणि ती चालू असताना घरात माणूस, मांजर कुणीही नको.

धुतलेलं पाणी कुठे जाणार हेही बघा. मागच्या दारी पाट काढून नारळीच्या आळ्यात सोडायची सवय असते, आणि तिथून विहीर चार पावलांवर. एजन्सीने कमीत कमी पाणी वापरून टिपून घ्यायचं असतं, पाईप लावून खोली धुवायची नसते. मृत्यूच विहिरीत झाला असेल तर ते काम एजन्सीचं नाहीच, ग्रामपंचायतीला कळवा. उपसा करून, गाळ काढून टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकावी लागते, आणि जलसुरक्षकाने ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन दाखवल्याशिवाय पाणी वापरू नका.

लेखी काय घ्यायचं

व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी घ्या. कुठल्या खोल्या, काय काढून नेणार, काय फोडणार, कुठली औषधं, किती माणसं, कचऱ्याचा खर्च वेगळा की धरलेला, येण्याजाण्याचं भाडं, आणि वास परत आला तर फेरी फुकट की पैसे. अर्ध्याहून जास्त ॲडव्हान्स देऊ नका, आणि कंपनीच्या नावाच्या खात्यात द्या.

खोलीतले दागिने, रोख, सातबारा, पासबुकं, विम्याचे कागद यांची यादी कामाआधी करा, गावातला एक जबाबदार माणूस समोर ठेवा, चुलते असतील तर बरं. मुंबईहून फोनवर काम करवून घेणाऱ्यांनी हे तर कराच. डाग लागलेला कागद फेकू देऊ नका, पारदर्शक पिशवीत घालून वरूनच फोटो काढता येतो, क्लेमला किंवा वारस नोंदीला तो लागू शकतो.

फोटोंचा विषय स्पष्ट बोला. बऱ्याच एजन्सी कामाआधीचे आणि नंतरचे फोटो काढतात, त्यांच्या हिशोबाला ते लागतात, ठीक आहे. पण इन्स्टावर रील टाकायचं नाही, घराचा नंबर-गाव दिसायचं नाही, गाडीवर मोठ्ठा बोर्ड लावून वाडीत शिरायचं नाही, हे करारात लिहा. होमस्टे किंवा लॉजवाल्यांना याची जास्त काळजी असते, दापोली-तारकर्लीला सीझनमध्ये खोली बंद ठेवणं परवडत नाही हे मान्य, पण घाईत पडदे-गादी तीच ठेवून नुसता रंग मारून खोली दिली तर तो पुढच्या गिऱ्हाईकाच्या तब्येतीशी खेळ आहे.

सुतकाचा प्रश्न बऱ्याच घरात येतो, तेरावं झाल्यावर करूया म्हणतात. मुरलेलं पाणी तेराव्याची वाट बघत नाही, ते रोज खाली उतरतं. भटजींना विचारलंत तर बहुतेक जण सांगतील आधी साफ करून घ्या, गोमूत्र-शांती नंतर करता येते. फक्त गोमूत्र शिंपडलं म्हणजे खोली जंतुमुक्त झाली असं धरू नका. "गणपतीच्या आधी चकाचक करून देतो" असं कुणी म्हणालं तर वाळायला किती दिवस धरले ते विचारा, श्रावणात चिरा वाळवायला डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं मशीन) लागतो आणि तो चालवायला लाईट लागते.

ताब्यात घेताना

काम झालं त्याच संध्याकाळी, औषधाचा वास घमघमत असताना पास करू नका. दारं-खिडक्या एक पूर्ण दिवस बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, कौलं तापलेली असताना आत जा, राहिलं असेल तर तेव्हा कळतं. पलंगाखाली, चौकटीच्या बुडाशी, फरशीच्या सांध्यात टॉर्च मारून बघा. एटीपी टेस्टचा आकडा दाखवला तर चांगलं आहे, त्याने पृष्ठभागावर जैविक घाण उरलीय का ते कळतं, विषाणू आहे की नाही हे मात्र त्याने कळत नाही, तसं कुणी सांगत असेल तर बनवतोय.

शेवटचा हप्ता या तपासणीनंतर आणि कचरा दिल्याची पावती हातात आल्यावरच द्या. बिल, पावती, फोटो आणि पोलिसांचा कागद एका फाईलला लावून ठेवा. पैसे घेऊन माणूस आलाच नाही, किंवा काम अर्धवट टाकून गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा, ऑनलाइन पैसे भरून फसवणूक झाली असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन करा, तिथे उशीर केला की पैसे थांबवता येत नाहीत.